शाश्वत विकास ध्येयांचा आपल्या व्यवसायाशी आणि आपल्या स्वतःशी संबंध काय?

प्रश्न असा आला आहे: "आमची मध्यम आकाराची उत्पादन कंपनी आहे. एका मोठ्या ग्राहक कंपनीने सगळ्या पुरवठादारांना प्रश्नावली पाठवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी तुम्ही कोणत्या ध्येयांवर काम करता, असं त्यात विचारलंय. ही ध्येयं तर सरकारांनी ठरवलेली आहेत, मग आमचा त्यात काय संबंध? आणि कंपनी बाजूला ठेवली तरी एकटा माणूस यात काही करू शकतो का, की हे सगळं बोलण्यापुरतंच?"

थोडक्यात सांगायचं तर संबंध आहे, आणि तो तुम्ही आज करत असलेल्या कामातच आहे. खरेदीत, पगारात, वीजबिलात, सांडपाण्यात, लहान पुरवठादाराचे पैसे किती दिवसांनी देता त्यात. पहिल्या वर्षी तरी एकही नवा उपक्रम सुरू करायची गरज नाही.

बरीच वर्षं कारखान्यांना आणि सेवा कंपन्यांना या कामात मदत करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. १७ रंगीत चौकोनांचा तक्ता टेबलावर ठेवतात आणि "यातलं आपण काय काय करतो" म्हणत खुणा करत जातात. झाडं लावली, १५ व्या चौकोनावर खूण. रक्तदान शिबिर झालं, तिसऱ्यावर खूण. शाळेला संगणक दिले, चौथ्यावर. तासाभरात दहा-बारा चौकोन भरतात, अहवाल देखणा होतो आणि कंपनीत काहीही बदललेलं नसतं. झाडं लावणं किंवा रक्तदान वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण कंपनी दिवसभर जे करते त्याचा या खुणांमध्ये मागमूस नसतो, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण "सरकारांनी ठरवलेली" या शंकेचं उत्तर तिच्यात आहे. २००० ते २०१५ या काळात सहस्रक विकास ध्येयं होती. ती आठ होती. गरीब देशांनी काय गाठायचं आणि श्रीमंत देशांनी त्यांना कशी मदत करायची, असा त्यांचा एकूण ढाचा. २०१२ मध्ये रिओच्या परिषदेत नव्या ध्येयांची प्रक्रिया ठरली आणि २५ सप्टेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये १९३ सदस्य देशांनी या १७ ध्येयांचा २०३० पर्यंतचा कार्यक्रम मान्य केला. १ जानेवारी २०१६ पासून तो सुरू झाला. यावेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, ही ध्येयं श्रीमंत-गरीब सगळ्याच देशांना लागू आहेत. दुसरी, वस्तू कशा बनवायच्या आणि कशा वापरायच्या हा विषय १२ व्या ध्येयाच्या रूपानं थेट आत आला. तो आला की कारखाना, दुकान आणि घर आपोआप आत आलं. मूळ दस्तऐवजाच्या ६७ व्या परिच्छेदात सूक्ष्म उद्योगांपासून सहकारी संस्था आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांपर्यंत सगळ्यांचा उल्लेख करून त्यांना हातभार लावण्याचं आवाहन केलेलं आहे.

हे आवाहन आहे, कायदा नाही. ध्येयं पाळली नाहीत म्हणून कुणाला दंड होत नाही. मात्र गेल्या दहा वर्षांत त्यांची भाषा कर्जाच्या अटींमध्ये, खरेदीच्या करारांमध्ये आणि अहवालांच्या नियमांमध्ये उतरली आहे. तुमच्याकडे आलेली प्रश्नावली त्याचंच एक रूप.

आता चौकोन बाजूला ठेवा आणि त्यांच्या खालची १६९ लक्ष्यं वाचा. हे मी आग्रहानं सांगतो. ध्येय म्हणजे मथळा. "भूक संपवणे", "लैंगिक समानता", "सभ्य काम" अशा मथळ्यांखाली कुणीही काहीही बसवू शकतं. लक्ष्य मात्र नेमकं असतं. १२.३ सांगतं की २०३० पर्यंत किरकोळ विक्री आणि ग्राहक या पातळीवरची दरडोई अन्ननासाडी निम्मी करायची. ६.३ सांगतं की प्रक्रिया न करता सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचं प्रमाण निम्मं करायचं. १०.क हे लक्ष्य तर स्थलांतरित कामगार घरी पैसे पाठवतात त्यावरच्या शुल्काबद्दल आहे: ते ३ टक्क्यांच्या खाली आणायचं. जगभरची सरासरी अजून ६ टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आहे. पैसे पाठवण्याच्या व्यवसायात असलेल्या कंपनीला यापेक्षा स्पष्ट काम कोण सांगणार? क्रमांकात अक्षर असलं, म्हणजे ६.अ किंवा १०.क, की ते लक्ष्य अंमलबजावणीच्या साधनांबद्दलचं असतं. यादीत पानोपानी "विकसनशील देशांत", "राष्ट्रीय परिस्थितीनुसार" अशा शब्दयोजना भेटतील, कारण ती वाटाघाटींतून तयार झालेली आहे. त्यामुळे अडखळू नका. पूर्ण यादी वाचायला एक दुपार पुरते.

वाचून झाली की आपल्या कामाची वाट कच्च्या मालापासून टाकाऊ वस्तूपर्यंत चालत जा. माल कुठून येतो, तो कोण काढतं किंवा बनवतं, दारात कसा पोचतो, आत त्याचं काय होतं, त्यात कोण राबतं, बाहेर काय सोडलं जातं, वस्तू ग्राहकाकडे किती वर्षं टिकते आणि नंतर तिचं काय होतं. प्रत्येक थांब्यावर दोनच प्रश्न विचारायचे: इथे आपण कुणाचं नुकसान करतो, आणि इथे आपल्या हातात काय आहे? नुकसानीचा प्रश्न आधी. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं व्यवसाय आणि मानवी हक्कांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. कंपनीनं आपल्या कामातून आणि आपल्या व्यावसायिक संबंधांतून लोकांना होणारी इजा शोधायची, थांबवायची आणि भरून द्यायची, हे त्यांचं सार आहे. एका ठिकाणची इजा दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या कामातून वळती करता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. नदीत रंगाचं पाणी सोडून गावात दवाखाना बांधला तर ६.३ आणि ३.९ (प्रदूषणानं होणारे मृत्यू आणि आजार कमी करण्याचं लक्ष्य) यांवरची बाकी तशीच राहते.

एक थांबा जवळून पाहू: संकुचित हवा. बहुतेक उत्पादन कारखान्यांत कॉम्प्रेसर असतो, आणि हवा फुकट असते असा एक समज असतो. प्रत्यक्षात ती कारखान्यातल्या सगळ्यात महाग ऊर्जांपैकी एक आहे, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. त्यात पाइपचे जोड, जुने होज, कपलिंग आणि बंद पडलेल्या यंत्राला जोडून ठेवलेल्या लाइन यांतून गळती होते. देखभालीकडे लक्ष नसलेल्या कारखान्यात तयार हवेपैकी २० ते ३० टक्के गळणं अजिबात दुर्मीळ नाही. ती मोजायला महागडं उपकरणही लागत नाही. सुट्टीच्या दिवशी किंवा दोन शिफ्टच्या मध्ये हवा वापरणारी सगळी यंत्रं बंद करा आणि कॉम्प्रेसर चालू ठेवा. कुणीच हवा वापरत नसताना तो दाब भरायला मधूनमधून लोडवर येतो. स्टॉपवॉचनं लोडचा (हवा भरण्याचा) वेळ आणि अनलोडचा (न भरता थांबण्याचा) वेळ पाच-सहा फेऱ्यांपर्यंत लिहून घ्या. लोडचा वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून एकूण वेळ, ही तुमची गळती. दोन मिनिटं लोड आणि सहा मिनिटं अनलोड असेल तर गळती २५ टक्के. मग साबणाचं पाणी घेऊन जोड तपासत फिरा, गळती सापडेल तिथे चिठ्ठी बांधा, आठवडाभरात दुरुस्त करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. दाबही तपासा. गरज सहा बारची असताना कुणीतरी कधीतरी साडेसात करून ठेवलेला असतो. एक बार दाब कमी केला की कॉम्प्रेसरची वीज ढोबळमानानं ७ टक्के वाचते.

हे ७.३ आहे, ऊर्जाकार्यक्षमता सुधारण्याचा जागतिक वेग दुप्पट करण्याचं लक्ष्य. उद्योगांनी कार्यक्षम आणि स्वच्छ तंत्रज्ञानाकडे जाण्याबद्दलचं ९.४ सुद्धा इथेच येतं. देखभाल विभागातल्या ज्या माणसानं चिठ्ठ्या बांधल्या त्याला या क्रमांकांची कल्पनाही नसेल, पण काम त्यानंच केलेलं असतं. प्रश्नावलीत लिहायला तुम्हाला आता एक खरा आकडा मिळाला: आधी किती, नंतर किती, कधी आणि कसं मोजलं.

दुसरा थांबा लेखा विभागात आहे, आणि या विषयावरच्या बैठकांत त्या विभागाला कुणी बोलावतच नाही. लहान पुरवठादाराचं बिल किती दिवसांनी देता? ८.३ हे लक्ष्य सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या वाढीबद्दल आहे, ९.३ त्यांना परवडणारं कर्ज मिळण्याबद्दल. मोठा ग्राहक १२० दिवस पैसे थकवतो तेव्हा तो त्या लहान पुरवठादाराकडून बिनव्याजी कर्ज घेत असतो. पुरवठादार ते खिंडार जास्त व्याजाच्या पैशानं बुजवतो, किंवा कामगारांचा पगार पुढे ढकलतो, किंवा यंत्राला संरक्षक जाळी बसवायचा खर्च पुढच्या वर्षावर टाकतो. वर्षभराच्या कितीतरी कार्यशाळांनी होत नाही तेवढं भलं ३० दिवसांत बिल चुकतं केल्यानं होतं, असं माझं ठाम मत आहे. यासाठी सल्लागार लागत नाही. थकबाकीची यादी काढा, सगळ्यात लहान पुरवठादार वर घ्या आणि तिथून सुरुवात करा.

तिसऱ्या थांब्यावर सगळ्यात जास्त जपून राहायला हवं, तो म्हणजे ठेक्यावरचं श्रम. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही आठमजली इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसं मेली, बहुतेक कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतले कामगार. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, शिवणकामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं गेलं. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी आधी झालेली होती. कागद बरोबर होते. त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात आगसुरक्षा आणि इमारतसुरक्षेचा करार झाला. त्याचं वेगळेपण हे की तो कायद्यानं बंधनकारक होता आणि त्यात स्वतंत्र अभियंत्यांच्या तपासण्या होत्या. दोन वर्षांनी ठरलेल्या ८.८ या लक्ष्यात सुरक्षित कामाची जागा आणि कामगारांचे हक्क यांचा उल्लेख आहे, आणि असुरक्षित नोकरीत असलेल्यांचा व स्थलांतरितांचा त्यात वेगळा निर्देश आहे.

यातून तुमच्यासाठी निघणारी गोष्ट अगदी साधी आहे. ठेकेदाराची माणसं तुमच्या आवारात राबत असतील तर त्यांचे तास, त्यांचा पगार आणि त्यांची सुरक्षा हा तुमचा विषय आहे. ते कुणाच्या हजेरीपटावर आहेत यानं इजेत फरक पडत नाही. आणि चौकशी फक्त खालच्या दिशेनं करू नका. ज्या ग्राहक कंपनीनं प्रश्नावली पाठवली तिला तुम्हीही विचारू शकता: ऑर्डर शेवटच्या क्षणी बदलली की आमच्याकडे रात्रपाळी लागते, भाव दरवर्षी खाली ओढला की सुरक्षेवरचा खर्च सगळ्यात आधी कापला जातो, याचं काय करायचं? हे नम्रपणे पण लेखी विचारा. खरेदीची पद्धत हा ८ व्या ध्येयाचा गाभा आहे, आणि तो सोडून बाकी सगळ्यावर चर्चा होते.

वाटेवर चालताना लक्ष्यं एकमेकांच्या आड येतील, त्याचीही तयारी ठेवा. एक नेहमी भेटणारी अडचण: सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर सोडायचा नाही असं ठरवलं की शेवटच्या टप्प्यात खारं पाणी आटवावं लागतं, आणि त्या बाष्पीकरणाला प्रचंड ऊर्जा लागते. ६.३ सुधारलं, पण ती ऊर्जा कोळशातून येत असेल तर ७ (ऊर्जा) आणि १३ (हवामान) या ध्येयांवर भार पडला. याला एकच बरोबर उत्तर नाही. पाण्याची टंचाई असलेल्या खोऱ्यात मी पाण्याच्या बाजूनं कौल देईन, आणि सोबत पहिलं काम पाण्याचा वापरच कमी करण्याचं धरीन. एका धुलाईचं पाणी दुसऱ्या धुलाईला वापरलं की आटवायचं पाणीही घटतं. कोणतं लक्ष्य कशासाठी मागे ठेवलं हे अहवालात उघड लिहावं. असं लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याचा बाकीच्या अहवालावरही विश्वास बसतो.

मोजमापाबद्दल दोनच गोष्टी. आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करायची ते, ठरवल्याशिवाय "सुधारणा" हा शब्द वापरू नका. आणि प्रति नग आकड्यासोबत एकूण आकडाही द्या. प्रति नग वीज १० टक्क्यांनी घटली पण उत्पादन ३० टक्क्यांनी वाढलं, तर एकूण वीज १७ टक्क्यांनी वाढलेली असते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकच सांगितली तर दिशाभूल होते. हरितगृह वायूंच्या हिशोबात तर बऱ्याच कंपन्यांचा मोठा वाटा त्यांच्या स्वतःच्या धुराड्यातून किंवा वीजबिलातून येतच नाही. तो विकत घेतलेल्या मालात आणि विकलेल्या वस्तूच्या वापरात असतो. लहान कंपनीनं पहिल्याच वर्षी तो सगळा मोजायच्या मागे लागू नये. वजनानं आणि खर्चानं सगळ्यात मोठ्या अशा पाच कच्च्या मालांपासून सुरुवात पुरेशी आहे.

एकट्या माणसाचं काय?

हा प्रश्न मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो, कारण त्यामागे बऱ्याचदा थकवा असतो. हवामान, भूक, विषमता यांचं ओझं सामान्य माणसाच्या पिशवीवर आणि स्ट्रॉवर टाकून मोठे घटक मोकळे होतात, ही लोकांची तक्रार रास्त आहे. वीज कशापासून बनते, शहरात बस किती आहेत, किमान वेतन किती, हे एकटा माणूस ठरवत नाही. पण काही लक्ष्यं अशी आहेत की ती घराच्या आतच पूर्ण होतात, दुसरीकडे कुठे होऊच शकत नाहीत.

अन्ननासाडी त्यातली पहिली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं ६३.१ कोटी टन, म्हणजे ६० टक्के, घरांतून गेलं; उपाहारगृहं आणि दुकानं मिळूनही घरांच्या मागे आहेत. माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो. नासाडी हा श्रीमंतांचा रोग आहे असं आपण धरून चालतो, पण उच्च, उच्च-मध्यम आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या घरगुती नासाडीच्या सरासरीत फक्त ७ किलोंचा फरक आढळला.

घरी करायचं असेल तर उपदेशापेक्षा वजनकाटा कामाला येतो. दोन आठवडे फेकलेलं खाण्याजोगं अन्न वेगळ्या डब्यात टाका, रात्री वजन करा आणि शेजारी कारण लिहा: जास्त शिजलं, विसरलं, नासलं, ताटात उरलं. सालं-देठं यात धरू नका. बहुतेक घरांत एक-दोन कारणंच बहुतांश वजन व्यापतात, आणि ती सहसा खरेदीच्या वेळची असतात, जेवणाच्या वेळची नसतात. मग तेवढीच एक सवय बदलायची. एका प्रकारची भाजी-फळं कमी आणायची, किंवा फ्रीजमध्ये आधीचं पुढे आणि नवं मागे ठेवायचं. कंपनीच्या कँटीनलाही हीच रीत लागू पडते. १७ देशांतल्या जवळजवळ १,२०० व्यावसायिक ठिकाणांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नासाडी कमी करण्यावर गुंतवलेल्या दर १ डॉलरमागे साधारणपणे १४ डॉलर परत मिळाल्याचं दिसलं. त्या गुंतवणुकीत वजन करणं आणि माणसं शिकवणं हेही होतं.

दुसरं लक्ष्य ५.४, घरातल्या बिनपगारी कामाची ओळख आणि त्यातली वाटणी. जगभर स्त्रिया हे काम पुरुषांच्या सुमारे अडीच पट वेळ करतात. घरात कोण किती वाजता उठतं, आजारी माणसाजवळ कोण बसतं, मुलाच्या शाळेतून फोन आला की कुणाची रजा पडते, हे कुठलाही मंत्री ठरवत नाही. घरातल्या पुरुषानं उद्यापासून एक पूर्ण काम आपल्याकडे घ्यावं. "मदत" म्हणून घेऊ नये. त्या कामाची आठवण ठेवण्यापासून ते संपवण्यापर्यंत सगळं घ्यावं. याचा धागा थेट ५.५ आणि ८.५ ला जाऊन मिळतो, कारण बाईची बढती आणि पगार बऱ्याचदा तिथेच अडलेले असतात.

तिसरं ३.६: रस्त्यावरचे मृत्यू. २०२० पर्यंत ते निम्मे करायचे होते. झाले नाहीत. २०२१ मध्ये सुमारे ११.९ लाख माणसं गेली, २०१० च्या तुलनेत जेमतेम ५ टक्के घट. सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही गाडी चालवत असाल तर हे लक्ष्य तुमच्या उजव्या पायाखाली आहे. तुमची कंपनी माल पोचवणाऱ्या चालकाला उशिराबद्दल दंड करत असेल तर ते कंपनीच्या करारातही आहे. व्यक्ती आणि व्यवसाय वेगळे काढता येत नाहीत ते असं.

नोकरदार माणसाच्या हातात आणखी एक जागा असते, तिचा वापर फार कमी होतो. खरेदी विभागातला माणूस भावपत्रकाच्या रकान्यांत आयुर्मान आणि दुरुस्तीची सोय असे दोन रकाने वाढवू शकतो. मनुष्यबळ विभागातली बाई समान कामाच्या पगारातला फरक काढून टेबलावर ठेवू शकते. निवृत्ती निधी कुठे गुंतवलाय हे कर्मचारी विचारू शकतात. घरातले दिवे बदलण्यापेक्षा याचा परिणाम कितीतरी मोठा असतो. तीच गोष्ट नागरिक म्हणून: स्थानिक अंदाजपत्रकाच्या सुनावणीला बोलणं, पाण्याच्या तपासणीचे निकाल मागणं, मत देताना या गोष्टी विचारणं. १६.७ हे लक्ष्य लोकसहभागाच्या निर्णयांबद्दलच आहे.

शेवटी "बोलण्यापुरतंच का" या शंकेबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या ध्येय-अहवालानुसार, ज्यांची प्रगती मोजता येते अशा लक्ष्यांपैकी फक्त १८ टक्के वेळापत्रकाप्रमाणे आहेत. जवळजवळ निम्म्यांची गती फार मंद आहे, आणि १८ टक्के तर २०१५ च्या पातळीच्याही मागे गेली आहेत. बालमजुरी २०२५ पर्यंत संपवायची होती. २०२४ मध्ये १३.८ कोटी मुलं अजून कामावर होती. हे अपयश आहे, आणि ते तसंच म्हणायला हवं. पण २०२० मध्ये ही संख्या १६ कोटी होती. वीज २०२३ पर्यंत जगातल्या ९२ टक्के लोकांपर्यंत पोचली. एचआयव्हीची नवी लागण २०१० च्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. जिथे पैसा, मोजमाप आणि जबाबदार माणूस या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथे आकडे हलले. विकसनशील देशांसाठी वर्षाला सुमारे ४ लाख कोटी डॉलर कमी पडतात असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, त्यामुळे फक्त सदिच्छेवर हे होणार नाही, हेही खरं.

आता प्रश्नावली. तीनच लक्ष्यं लिहा, क्रमांकासह. माझ्या मते तुमच्यासारख्या कंपनीला ७.३, ८.८ आणि ६.३ किंवा १२.५ (कचरा कमी करण्याचं लक्ष्य) यांपैकी जे लागू असेल ते पुरे. प्रत्येकासमोर आधारवर्षाचा आकडा, आजचा आकडा, पुढच्या वर्षाचा आकडा आणि जबाबदार व्यक्तीचं पद द्या. एक रकाना असा ठेवा की त्यात अजून न सुटलेली अडचण आणि ती कधीपर्यंत सोडवणार याची तारीख असेल. बाकीच्या चौकोनांसमोर "सध्या काम नाही" असं सरळ लिहा. त्यानं ऑर्डर जात नाही, उलट चौकशी करणारा माणूस पुढचे प्रश्न नीट विचारतो. रंगीत चिन्हं आपल्या वेष्टनावर किंवा जाहिरातीत छापायची असतील तर संयुक्त राष्ट्रांचे वापराचे नियम आधी पाहा, व्यापारी वापराला पूर्वपरवानगी लागते. आणि आकडे भरणाऱ्यानं मीटरच्या नोंदी, हजेरीपट आणि बिलांच्या तारखा एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात, कारण पुढच्या फेरीत तपासणीला माणूस येतो आणि तो आधी तीच मागतो.